दोन रेघांनंतरचे आठ आठवडे

मूल होण्यासाठी उपचार घेतले आणि दिवस राहिले की घरात दोन गोष्टी लगेच होतात. पेढे आणले जातात आणि त्या बाईला खाटेवर बसवून ठेवले जाते. या दोन्हींची घाई होते. पण ज्या गोष्टीची खरी घाई करायला हवी, ती मात्र मागे पडते. गर्भ खरोखर राहिला आहे का, तो पिशवीतच आहे का आणि तो वाढतो आहे का, हे वेळच्या वेळी तपासून घेणे ही ती गोष्ट.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. उपचारानंतरची गर्भधारणा एका चाचणीने पक्की होत नाही. ती पायरीपायरीने पक्की होते. या पायऱ्या साधारण चौथ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत चढायच्या असतात. आणि त्या चढताना त्या बाईला एकटे सोडणे, तिची बातमी लपवून ठेवणे किंवा तिची फाईल कपाटात बंद करणे यातून जिवाला धोका होऊ शकतो.

मेढ्यातून हे लिहिण्याला कारण आहे. मेढा हे जावळी तालुक्याचे ठिकाण. इथे ग्रामीण रुग्णालय आहे, पण वंध्यत्वावर उपचार करणारी केंद्रे सातारा, पुणे, मुंबई अशा शहरांत आहेत. आपल्या तालुक्यातील कितीतरी घरांचा एक पाय मुंबईत असतो. नवरा तिकडे माथाडी किंवा कंपनी कामगार, सासू-सासरे गावी. म्हणून उपचार मुंबईत होतात, भ्रूण पिशवीत सोडले की बाईला विश्रांतीसाठी गावी आणले जाते आणि नेमक्या तपासणीच्या दिवसांत ती डॉक्टरांपासून दूर असते. केळघर घाटात पावसाळ्यात दरड येते. बामणोली-तापोळ्याकडच्या कित्येक वाड्यांना लाँचशिवाय रस्ता नाही. मेढ्याहून सातारा सुमारे पंचवीस किलोमीटर. एरवी हे अंतर काहीच नाही. रात्री पोटात कळ आली की तेच अंतर फार मोठे होते.

पाळी चुकली म्हणजे दिवस राहिले असे नाही

आपल्याकडे दिवस राहिल्याची पहिली खूण म्हणजे पाळी चुकणे. पण उपचार घेतलेल्या बाईच्या बाबतीत ही खूण फसवी असते. गर्भाला आधार म्हणून तिला प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, जेल किंवा इंजेक्शने चालू असतात. या औषधानेच पाळी पुढे जाऊ शकते. छाती भरून येणे, मळमळणे, सुस्ती वाटणे हेही याच औषधाने होते. त्यामुळे "मला सगळी लक्षणे आहेत" यावर विसंबू नये आणि "मला काहीच वाटत नाही" म्हणून रडतही बसू नये.

घरी लघवीवर करायची चाचणीही घाईने केली तर फसवते. बीज फुटून बाहेर यावे म्हणून जे इंजेक्शन बहुतेक वेळा देतात, त्यात एचसीजी नावाचे तेच संप्रेरक असते, जे गर्भ राहिल्यावर शरीरात तयार होते. ते शरीरातून निघून जायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. त्याआधी पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर त्या गर्भाच्या आहेत की इंजेक्शनच्या, हे कोणालाच सांगता येत नाही. उलट फार लवकर चाचणी केली तर गर्भ असूनही एकच रेघ दिसते, आणि निराश होऊन बाई औषधे बंद करते. हे सगळ्यात वाईट. आशाताईंकडे मिळणारे निश्चय किट चांगले आहे, एरवीच्या गर्भधारणेसाठी जरूर वापरावे. पण उपचारानंतर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आधी ते वापरू नये, आणि त्यावर काहीही आले तरी आपल्या मनाने औषध थांबवू नये.

पहिली पायरी : रक्ताची तपासणी, एकदा नव्हे दोनदा

भ्रूण पिशवीत सोडल्यानंतर साधारण नऊ ते चौदा दिवसांनी, किंवा आययूआय म्हणजे नवऱ्याचे वीर्य पिशवीत सोडले असेल तर सुमारे दोन आठवड्यांनी, रक्तातील बीटा एचसीजी तपासतात. आकडा ५ पेक्षा कमी असेल तर गर्भ राहिलेला नाही. २५ पेक्षा जास्त असेल तर गर्भधारणा झाली असे धरतात. मधला आकडा संशयाचा, तो पुन्हा तपासावा लागतो.

इथेच आपली घरे चुकतात. पहिला आकडा आला की फोन फिरतात. "आमचा दोनशे आला, जाऊबाईंच्या भाचीचा पाचशे आला होता" अशी तुलना सुरू होते. पण एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. गर्भ कोणत्या दिवशी रुजला, जुळे आहे का, यावर तो बदलतो. महत्त्वाचे आहे ते त्याचे वाढणे. सुरुवातीच्या दिवसांत निरोगी गर्भात हा आकडा दोन ते तीन दिवसांत साधारण दुप्पट होतो. काही चांगल्या गर्भांत तो थोडा सावकाशही वाढतो. म्हणून ४८ तासांनी पुन्हा रक्त देणे हीच खरी तपासणी. आकडा वाढतच नसेल, अडखळत असेल किंवा उतरत असेल, तर डॉक्टर सावध होतात. काही वेळा गर्भ रुजतो आणि सोनोग्राफीत दिसण्याआधीच विरून जातो. तर कधी अडखळणारा आकडा हा गर्भ भलत्या जागी असल्याचा इशारा असतो.

दोन्ही वेळा रक्त एकाच लॅबमध्ये द्यावे. वेगवेगळ्या लॅबच्या यंत्रांत फरक असतो, मग तुलना चुकते. आपल्या लॅबमधून नमुना साताऱ्याला पाठवतात का, किती वाजेपर्यंत घेतात, रविवारी घेतात का, हे तपासणीच्या आधीच विचारून ठेवावे. काही शे रुपयांची ही दुसरी तपासणी "एकदा आलंय की चांगलं, आता कशाला पैसे" म्हणून टाळू नये. उपचारावर लाखाच्या वर खर्च केला असेल, तर शेवटच्या काही शे रुपयांची काटकसर परवडणारी नाही.

आठवड्यांचा हिशोब आणि घरातला संशय

आता एका नाजूक गोष्टीबद्दल. भ्रूण सोडल्याला दोनच आठवडे झालेले असतात आणि कागदावर लिहिलेले असते, "गर्भ ४ आठवडे ५ दिवस". घरातील मोठी माणसे बोटांवर मोजतात. महिन्यापूर्वी तर मुलगा मुंबईत होता! मग कुजबुज सुरू होते.

ही कुजबुज अज्ञानातून येते. गर्भाचे वय जगभर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे बीज तयार होण्याच्याही दोन आठवडे आधीपासून. आयव्हीएफमध्येही तोच हिशोब लावतात. पाच दिवसांचे भ्रूण सोडले असेल तर त्या दिवशीच कागदावर २ आठवडे ५ दिवस धरले जातात. त्यात पुढचे १४ दिवस मिळवले की ४ आठवडे ५ दिवस होतात. यात कसलीही लपवाछपवी नाही. हा हिशोब नवऱ्याने स्वतः आपल्या आईला समजावून सांगावा. सुनेने सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.

दुसरी पायरी : गर्भ कुठे आहे?

रक्ताचा आकडा गर्भ आहे हे सांगतो. तो कुठे आहे, हे सांगत नाही. ते कळते सोनोग्राफीने, साधारण सहाव्या ते सातव्या आठवड्यात. ही सोनोग्राफी बहुधा योनीमार्गातून करतात, कारण त्यातून इतक्या लहान गर्भाचे चित्र स्पष्ट दिसते. तिने गर्भाला इजा होत नाही. संकोच वाटणे साहजिक आहे, पण संकोचापायी ती टाळू नये. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसे विचारावे, सोबत घरातील बाई हवी असेल तर तसे सांगावे.

या तपासणीत गर्भाची थैली पिशवीत आहे का, एक आहे की दोन, आणि हृदयाचे ठोके दिसतात का, हे पाहतात. ठोके साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिसू लागतात. त्या दिवशी दिसले नाहीत तर लगेच "गर्भ गेला" असे समजू नये. गर्भ अगदी लहान असेल तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करून खात्री करतात. खात्री न करता पिशवी साफ करायला कोणी घाई करत असेल, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. तसे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो. या किंवा कोणत्याही सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे विचारायचे नाही. १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. भ्रूण सोडण्याआधी लिंग निवडणे हाही गुन्हाच आहे. कोणी पैसे घेऊन सांगतो म्हणाला तर तो गुन्हेगार आहे, मदतनीस नव्हे.

"भ्रूण तर डॉक्टरांनी पिशवीतच सोडले होते, मग ते नळीत कसे जाईल?" असा प्रश्न हमखास येतो. जाते. पिशवीत सोडलेले भ्रूण रुजण्याआधी सरकून गर्भनलिकेत शिरू शकते. जुन्या संसर्गाने किंवा क्षयरोगाने नळ्या खराब झाल्या असतील तर हा धोका वाढतो. आणि नळ्या खराब असल्यामुळेच तर अनेक स्त्रिया आयव्हीएफकडे वळलेल्या असतात. जगातील पहिले टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. ज्या डॉक्टर स्टेप्टो आणि डॉक्टर एडवर्ड्स यांनी हे घडवले, त्यांच्याच आधीच्या प्रयत्नात एका स्त्रीला गर्भ राहिला होता, पण तो नळीत होता. १९७६ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडले. पट्टीवर दोन रेघा त्या स्त्रीच्याही उमटल्या असत्या.

नळीतला गर्भ वाढू शकत नाही. तो वाढू लागला की नळी फुटते आणि पोटात रक्त साचते. बाहेर रक्त थोडेच दिसते, आत मात्र बाई रिकामी होत जाते. वेळेवर कळले तर काही वेळा औषधाने, नाहीतर छोट्या शस्त्रक्रियेने जीव वाचतो. उशीर झाला तर वाचत नाही. आम्ही सोनोग्राफीचा आग्रह धरतो तो यासाठी.

या खुणा घरातल्या प्रत्येकाला माहीत हव्यात. ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ. खांद्याच्या टोकाला विचित्र दुखणे. चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. अंगावरून जाणे. यातले काहीही झाले तर सकाळची वाट पाहायची नाही, शेकायचे नाही, ओवा-गरम पाणी द्यायचे नाही. १०८ ला फोन करायचा. गाडीत बसतानाच सांगायचे की उपचारानंतर दिवस राहिले आहेत आणि गर्भ पिशवीत आहे की नाही हे अजून पाहिलेले नाही. या एका वाक्याने डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो.

आणखी एक त्रास आहे. बीजे वाढवण्याच्या इंजेक्शनांमुळे काही स्त्रियांची अंडाशये फार सुजतात. पोट फुगते, वजन दोन-चार दिवसांत भराभर वाढते, लघवी कमी होते, दम लागतो. गर्भ राहिला तर हा त्रास वाढू शकतो. "गर्भामुळे पोट दिसायला लागलं" म्हणून कौतुक करू नका. चौथ्या-पाचव्या आठवड्यात गर्भामुळे पोट दिसत नाही. लगेच डॉक्टरांना दाखवा.

खाटेवर बसवल्याने गर्भ रुजत नाही

भ्रूण सोडल्यावर पंधरा-पंधरा दिवस बाईला आडवे ठेवण्याची पद्धत पडली आहे. त्याने गर्भ राहण्याचे प्रमाण वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. उठणे-बसणे, चालणे, घरातली हलकी कामे चालतात. उलट सतत पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो. भाताची लावणी, डोक्यावर ओझे, कीटकनाशकाची फवारणी हे मात्र या दिवसांत नको. आणि मिश्री नको. आपल्या भागात बायका सकाळी मिश्री लावतात, ती जळलेली तंबाखूच आहे, ती गर्भाला घातक आहे. अंगदुखीची गोळीही दुकानातून आपल्या मनाने आणू नये. फॉलिक ॲसिडची गोळी मात्र रोज घ्यावी, ४०० मायक्रोग्रॅम किंवा डॉक्टर सांगतील तितकी. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. प्रोजेस्टेरॉन कधी बंद करायचे हे डॉक्टर ठरवतात, बहुधा आठव्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान. गोळ्या संपल्या आणि गाव लांब म्हणून चार दिवस खाडा, असे होऊ देऊ नका. दहा दिवसांच्या गोळ्या हातात असतानाच पुढच्या आणून ठेवा.

आणि एवढे सगळे करूनही गर्भ गेला तर?

जातो. उपचार न घेता राहिलेल्या गर्भांपैकीही साधारण सहा-सातांपैकी एक सुरुवातीच्या महिन्यांत जातो. बाईचे वय वाढलेले असेल तर जास्त. पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी बहुतेकांत गुणसूत्रांची जुळणीच बिघडलेली असते. ती पाण्याची कळशी उचलल्याने बिघडत नाही, जिना चढल्याने नाही, कोणाच्या नजरेने नाही आणि नवस न फेडल्याने तर नाहीच. आपण नवस-सायास, उतारे, गंडे-दोरे सोडलेली माणसे आहोत. पण घरात गर्भ गेला की ते मागच्या दाराने परत येतात, कोणीतरी म्हणते "एकदा बघून यायला काय हरकत आहे", आणि बघून येण्याचा शेवट बाईला दोष देण्यात होतो.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. यशवंतराव तेवढे राहिले. त्याचा दोष रमाईंना देण्याची कल्पना तरी आपल्यापैकी कोणी करील का? मग आपल्याच घरातल्या लेकीसुनेला तो का द्यावा? मूल न होण्याची कारणे पुरुषातही असतात, ती तपासणी वीर्याची एक साधी चाचणी असते. तरी "वांझ" हा शब्द फक्त बाईसाठीच शिल्लक आहे. तो आपल्या वस्तीतून जायला हवा.

थोडे डाग दिसले म्हणजे गर्भ गेलाच असेही नाही. सुरुवातीला डाग दिसूनही पुढे सुखरूप बाळंतपण झालेल्या कितीतरी स्त्रिया असतात. डाग दिसला की डॉक्टरांना कळवायचे आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही आवर्जून सांगायचे, कारण कधी कधी त्यासाठी वेगळे इंजेक्शन द्यावे लागते.

फाईल ही तिची आहे, केंद्राची नव्हे

आपल्या महाराष्ट्रात या विद्येची सुरुवात कुठे झाली, हे आठवावे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. शास्त्रीय नोंदी असलेले ते देशातले पहिले बाळ मानले गेले. केईएम हे महापालिकेचे, म्हणजे गोरगरिबांचे रुग्णालय. ही विद्या आपल्याकडे पंचतारांकित इस्पितळातून आलेली नाही.

त्याच्या आठ वर्षे आधी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कोलकात्यात डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांनीही असे बाळ जन्माला आणले होते. पण सरकारी समितीने त्यांचे म्हणणे धुडकावले आणि १९८१ मध्ये त्या डॉक्टरांनी आयुष्य संपवले. पुढे १९९७ मध्ये याच आनंद कुमारांनी त्यांची टिपणे आणि कागदपत्रे वाचली आणि पहिला मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असे जाहीरपणे लिहिले. उशिरा का होईना, कागद होते म्हणून न्याय मिळाला.

कागदाची ही किंमत आपल्या समाजाला कोणी वेगळी सांगायला नको. म्हणून आमचे सांगणे आहे की उपचार केंद्रातून गावी निघताना चार गोष्टी लेखी घ्या. भ्रूण कोणत्या तारखेला सोडले, किती दिवसांचे होते आणि किती सोडले. कोणती औषधे, कोणत्या तारखेपर्यंत. रक्त तपासणीच्या आणि सोनोग्राफीच्या तारखा. अडचण आली तर रात्री कोणाला फोन करायचा. हे एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरात. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याप्रमाणे असे केंद्र नोंदणीकृत असले पाहिजे, आणि उपचाराचे परिणाम व यश मिळण्याची शक्यता जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे काम आहे. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका.

तीन माणसांना सांगा

"तीन महिने कोणाला सांगायचं नाही" ही आपल्याकडची रीत. पेढे वाटू नका, हे आम्हालाही मान्य. पण कोणालाच न सांगणे धोक्याचे आहे. तीन माणसांना सांगा. घरातील एक जबाबदार माणूस, जो फाईल कुठे आहे हे जाणतो. वस्तीतील एक जण, ज्याच्याकडे गाडी आहे आणि जो रात्री फोन उचलतो. आणि आपल्या आशाताई.

आशाताईंना लवकर सांगितले तर बाराव्या आठवड्याच्या आत नोंदणी होते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड अशा तपासण्या मार्गी लागतात. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, त्याचीही नोंद यातूनच होते. पुढच्या महिन्यांत दर ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. "आमचं खासगीत चालू आहे" म्हणून सरकारी नोंदणी टाळू नका. मुंबईचे डॉक्टर रात्री दोन वाजता मेढ्यात येणार नाहीत. त्या वेळी ग्रामीण रुग्णालयातील सिस्टरच दार उघडणार आहेत, आणि त्यांच्या वहीत तुमचे नाव आधीपासून असेल तर बरे.

सरकारकडेही मागावे लागेल

सगळी जबाबदारी घरावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. जवळजवळ शंभर वर्षांनंतर आमची मागणी त्याच धाग्यातली आहे. २०२३ मध्ये गोव्यात बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ उपचार सुरू झाले. साताऱ्यातही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे असे केंद्र व्हावे, ही मागणी रास्त आहे. त्याला वेळ लागेल. पण मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात सुरुवातीच्या आठवड्यांतील सोनोग्राफीचे ठरावीक दिवस असावेत, ते दारावर लिहिलेले असावेत, आणि बीटा एचसीजीचा नमुना इथेच घेऊन साताऱ्याला पाठवण्याची सोय असावी, यासाठी मोठा निधी लागत नाही. महिला मंडळाने आणि ग्रामपंचायत सदस्यांनी तसे लेखी निवेदन वैद्यकीय अधीक्षकांना द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

तोवर एक काम या रविवारीच करता येईल. विहारात वंदनेनंतर सगळे बसलेले असतात. तेव्हा वस्तीतील कोणाकोणाच्या गाडीचा रात्री उपयोग होईल त्यांची नावे आणि मोबाईल नंबर एका कागदावर लिहा. त्याखाली १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर लिहा, आशाताईंचा नंबर लिहा, आणि तो कागद विहाराच्या दाराजवळ चिकटवा. कोणाच्या घरी दिवस राहिले आहेत हे त्यावर लिहायची गरज नाही. ज्यांना लागेल त्यांना तो कागद कुठे आहे हे माहीत असले म्हणजे झाले.